टोपीवरची शेळी

दसऱ्याचं सोनं वाटून दोन दिवस झाले होते, आपट्याची पानं अजून टीव्हीखालच्या कप्प्यावर वाळत पडली होती, तेव्हा शाळेचा मेसेज आला. माझी मुलगी तिसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. म्हणजे प्रार्थना इंग्रजीत असते आणि मधल्या सुट्टीतली भांडणं मराठी, तेलुगू आणि दखनीत. मेसेजचा सारांश असा, की पुढच्या शनिवारी शाळेत 'ऑटम कार्निव्हल' आहे. मुलांनी त्या ऋतूला शोभेल असा वेश करून यावं आणि डोक्यावर हातानं बनवलेली 'व्हिम्सिकल' टोपी असावी. विकतची टोपी चालणार नाही. पालकांनी कमीत कमी मदत करावी.

मी नवऱ्याला विचारलं, "व्हिम्सिकल म्हणजे नक्की काय?"

त्यानं फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "लहरी. म्हणजे तुझ्या साहेबांसारखी."

तर आम्हाला लहरी टोपी बनवायची होती. सोबत नमुन्याचा फोटो होता. फोटोत एक गोरी मुलगी, तिच्या डोक्यावर उंच टोक असलेली टोपी, टोपीवर लाल-नारिंगी पानं, एक इवलासा भोपळा आणि एक घुबड. पाठीमागं पानगळीचं जंगल. आमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस नुकताच तोंड फिरवून गेलेला असतो, ऊन पुन्हा पाठीला चिकटायला लागतं आणि झाडं वर्षात कधी नव्हे इतकी हिरवीगार असतात. सोलापुरात पानं गळतात ती शिमग्याच्या आसपास. पण शाळेनं दिवाळीआधी गळायची म्हटल्यावर झाडांचं काय चालणार.

आयांच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. एकीनं विचारलं, पानं खरी हवीत की प्लास्टिकची. मिसनी उत्तर दिलं, ते मुलांच्या कल्पनाशक्तीवर सोडा. म्हणून मी माझ्या घरच्या कल्पनाशक्तीला विचारलं.

ती म्हणाली, "मला टोपीवर शेळी पाहिजे."

दसऱ्याला आम्ही मंद्रूपकडं, सासऱ्यांच्या गावी गेलो होतो. तिथं चुलत घरातल्या एका शेळीनं हिचा हेअरबँड खाल्ला होता आणि तेव्हापासून दोघींची मैत्री होती.

"शेळी नाही, पानं पाहिजेत," मी म्हणाले.

"शेळीला पानं आवडतात."

"फोटोत घुबड आहे बघ. किती छान आहे."

"मला घुबड नको."

मी कल्पनाशक्तीचे आभार मानले आणि घुबडाच्या तयारीला लागले.

यामागं एक कारण होतं, ते सांगायला हवं. मी विमा कार्यालयात काम करते. माझी हस्तकला म्हणजे शिक्का सरळ मारणं. मागच्या वर्षीच्या वेशभूषेला मी मुलीला टोमॅटो केलं होतं. ती स्टेजवर आली तेव्हा माइकवरच्या बाई म्हणाल्या, "आणि आता येतंय आपलं गोड गोड डाळिंब." माझ्या मुलीनं ठणकावून सांगितलं की ती टोमॅटो आहे, तर सभागृह हसलं. घरी आल्यावर ती सगळं विसरली. मी विसरले नव्हते. त्यामुळं यंदाची टोपी कुणाच्या डोक्यासाठी होती, हे मला तेव्हाच माहीत असायला हवं होतं.

पहिला प्रश्न पानांचा. मी ऑफिस सुटल्यावर सजावटीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार आकाशकंदिलांचे कागद लावत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आटम ना? सकाळपास्नं तुमी सहाव्या. लाल पानं संपली, हिरवी हायत. लाल रंग देऊ का?"

मी हिरवी प्लास्टिकची पानं आणि लाल रंग घेऊन घरी आले. आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. आबा म्हणजे माझे सासरे. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मले, तरुणपणी शहरात सूतगिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर पुढं बरीच वर्षं एका चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आता काहीच करत नाहीत आणि तेही नेमानं करतात. पहाटे उठून दाढी, मग खळ घातलेली पांढरी टोपी, मग खुर्ची. माझ्याशी ते मोजकं बोलत. मी नोकरी करणारी सून म्हणून लग्नापासून मला 'तुमी' म्हणायचे, आणि 'तुमी' म्हटल्यावर पुढं फार बोलता येत नाही.

त्यांच्या खुर्चीजवळ कायम एक काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली असे. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची करून घेतलेली. तिला ओल्या मेंढराचा वास येतो. अकरा वर्षांत मी ती दोनदा माळ्यावर टाकली आणि दोन्ही वेळा ती खाली आली. कशी आली ते कुणी विचारलं नाही.

आबांनी पुडीतलं एक पान उचललं, उलटंपालटं केलं. "हे एरंडाचं पान हाय की."

"नाही आबा, मेपलचं आहे. परदेशातलं झाड."

"आसंल. पन एरंडाचंच हाय."

मी नीट बघितलं. पाच बोटांचं, दातेरी कडांचं. चूक म्हणता येईना. मग मला वाटलं की खरी पानं लावली तर मिसवर छाप पडेल. नाल्याकडेला एरंड चिक्कार उगवलेला होता. मी रविवारी पिशवी घेऊन गेले, पंचवीसेक पानं तोडली आणि प्रत्येकाला लाल-नारिंगी रंग दिला. सकाळी ती खरोखर परदेशातली वाटत होती. संध्याकाळपर्यंत ऑक्टोबरच्या उन्हानं त्यांची शिजलेली पालेभाजी झाली. म्हणून पुन्हा प्लास्टिक.

टोपीचा सांगाडा नवऱ्यानं केला. तो टॉवेलच्या कारखान्यात मालाची रवानगी बघतो, त्यामुळं पॅकिंगबद्दल त्याला मतं आहेत. त्यानं मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून शंकू वळवला, त्याला कडा लावली आणि सगळ्यावर आतून-बाहेरून चिकटपट्टी गुंडाळली. "हिला आता जहाजातून पाठवली तरी काय होणार नाही," तो म्हणाला. मुलीनं ती घालून बघितली. तिची मान हळूच एका बाजूला कलली.

"जड आहे."

"सवय होईल," मी म्हणाले.

भोपळ्याचा प्रश्न निघाला. आमच्या भाजीवाल्या मावशींकडे भोपळा फोडीनं मिळतो. इवलासा अख्खा भोपळा मागितल्यावर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मी मुकाट्यानं कोथिंबीर घेतली. मग कागदाचा गोळा करून नारिंगी रंगवला. शेजारच्या अक्का शिलाई मशीनवर टॉवेलच्या कडा मारतात, त्यांच्याकडं मी घुबडासाठी चिंध्या मागायला गेले तेव्हा गोळा हातातच होता. त्या म्हणाल्या, "बुंदीचा लाडू कधी केला? माझ्याकडं वास न्हाय आला." घरात तेलुगू बोलणाऱ्या अक्कांचं मराठी साधं आणि थेट असतं. चिंध्या मात्र त्यांनी पोतंभर दिल्या.

घुबडावर मी तीन संध्याकाळी घालवल्या. गरम गोंदाच्या बंदुकीनं अंगठा भाजला. तयार झाल्यावर मी ते आबांपुढं धरलं. त्यांनी ते सगळीकडून फिरवून बघितलं. मग काळजीनं विचारलं, "ह्यो पक्षी आजारी हाय का?"

मुलीचा सहभागही हवाच होता, कारण मेसेजमध्ये तसं म्हटलं होतं. मी तिला घुबडाचा एक डोळा लावायला दिला. डोळा म्हणजे काळं बटण. "इथं नाही, जरा वर. अगं, डावीकडं." तिनं ते लावलं, हात पुसले आणि खेळायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी बटण काढून सरळ लावलं. ती आली, घुबडाकडं बघितलं आणि दप्तर टाकून आबांकडं गेली. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी टोपी तयार झाली. शेवटचा रंग वाळावा म्हणून शुक्रवारी सकाळी मी ती गॅलरीत ठेवली आणि ऑफिसला गेले. दिवसभर मी तिचा फोटो तीन सहकाऱ्यांना दाखवला. एकीनं विचारलं, "मुलीनं केली?" मी म्हणाले, "मी थोडी मदत केली."

साडेपाचला घरी आले तर गॅलरीत माझी टोपी नव्हती. जमिनीवर मिक्सरचं खोकं दिसत होतं, म्हणजे ते पुन्हा खोकं झालं होतं. बाजूला पानांचा ढीग, त्यावर उताणं पडलेलं घुबड. आबा मांडी घालून जमिनीवर बसले होते आणि मुलगी त्यांना टेकून बसली होती. दोघांच्या मांडीवर लोकरीचा काळा भुगा पडला होता. आणि समोर माझी चांगली कात्री. तिच्या शेजारी घोंगडी. घोंगडीला एक कोपरा नव्हता.

"आई, तुझी टोपी मेली," मुलगी म्हणाली. आवाजात दुःख फारसं नव्हतं.

"बसा आधी. पानी प्या," आबा म्हणाले.

झालं होतं ते असं. दुपारच्या उन्हात गोंद मऊ पडला, चिकटपट्टी सुटली. घुबड घसरलं, त्यानं भोपळ्याला बरोबर घेतलं आणि कडा पुढं लोंबली. मुलगी शाळेतून आली तेव्हा आबा टोपी सावलीत ओढत होते. तिनं विचारलं, आता काय करायचं. आबांनी विचारलं, तुला काय पायजे. एवढं साधं. आठ दिवसांत हा प्रश्न तिला दुसऱ्यांदा विचारला गेला होता आणि या वेळी विचारणाऱ्याला उत्तर हवं होतं.

आबांनी घोंगडीचा कोपरा कापून दुमडला आणि दाभणानं शिवून त्याची टोकदार खोळ केली. मेंढरामागं फिरताना पाऊस आला की हीच खोळ डोक्यावर असायची म्हणे. मग ते कोपऱ्यावरच्या दूधवाल्याच्या गोठ्यातून कडब्याची चार ताटं, म्हणजे ज्वारीची वाळलेली धाटं, मागून घेऊन आले. ज्वारीच्या ताटाच्या आतलं पांढरं भेंड कापून शेळीचं अंग केलं, सालीच्या काड्या टोचून पाय केले, वर लोकर गुंडाळली. शिंगं मुलीनं केली होती. एक वर गेलं होतं, एक बाजूला. शेळीच्या तोंडात माझ्या टोपीवरचं एक प्लास्टिकचं पान खोचलेलं होतं, अर्धं फाडून.

ती खरंच शेळी होती. मान जरा तिरकी, पुढचा एक पाय उचललेला, चोरून काहीतरी खाताना सापडल्यासारखी. ते मला दिसलं आणि त्याचाच राग आला.

"आबा, शाळेत ऑटम पाहिजे. हे ऑटम नाही."

आबांनी टोपीकडं बघितलं. "न्हाय. शेळी हाय."

"आणि घोंगडी कशाला कापली?"

"तुमाला कुटं आवडती ती," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मी कोथिंबीर आणते म्हणून बाहेर पडले. कोथिंबीर घरात भरपूर होती. मी सरळ सजावटीच्या दुकानात गेले. मागं, पडद्याआड, तयार टोप्या होत्या. शाळेनं विकतच्या टोपीला बंदी घातल्यामुळं त्या आठवड्यात त्यांचा खप चांगला होता. मखमली तपकिरी टोपी, लाल पानं, चकचकीत भोपळा, आणि घुबड अगदी धडधाकट. मी ती कागदात गुंडाळून ऑफिसच्या पिशवीत तळाशी ठेवली. मनात म्हणाले, ऐनवेळी लागली तर असावी. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही, कारण तो कुणाला सांगणार नाही याची खात्री नव्हती.

शनिवारी सकाळी आबांनी आपली पांढरी टोपी डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "मी येऊ का?" ते शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला आले नव्हते. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. नवऱ्याला कारखान्यात जायचं होतं, म्हणून आम्ही तिघं रिक्षानं निघालो. मुलीनं 'ऑटम फेअरी'चा तपकिरी झगा घातला होता, डोक्यावर खोळ, खोळीवर शेळी. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी म्हणाला, "बकरी अच्छी है."

शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. दरवाजावर कागदाची वाळकी पानं, जमिनीवर कागदाची वाळकी पानं, आणि कडेच्या कडुनिंबाला मात्र एकही वाळकं पान नाही. मुलं रांगेत उभी होती, साठ-सत्तर लहरी टोप्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या पिशवीतल्या टोपीच्या सख्ख्या बहिणी. तेच घुबड, तोच भोपळा. आया एकमेकींना म्हणत होत्या, "रात्रभर बसून केली गं." एका टोपीत बारीक दिवे होते आणि ते बॅटरीवर लुकलुकत होते. त्या मुलाचे वडील मागून बॅटरी धरून चालत होते. कमीत कमी मदत.

मी मुलीला मंडपामागं नेलं. पिशवीत हात घातला. "बाळा, ऐक. तुला वाटलं तर—"

"मला काय वाटलं तर?"

"टोपी जड नाही ना?"

"नाही. हलकी आहे. डोक्याला बरं वाटतं."

मी पिशवीतून हात काढला. यात माझा मोठेपणा नव्हता. तेवढ्यात तिच्या वर्गाचं नाव पुकारलं गेलं.

एकेक मूल पुढं जाऊन टोपीबद्दल एक वाक्य इंग्रजीत बोलत होतं. वाक्य सगळ्यांचं जवळजवळ एकच होतं, पानांचे रंग मला आवडतात, वगैरे. माझी मुलगी पुढं गेली. मिस वाकून बघायला लागल्या. त्या चांगल्या आहेत, तरुण आहेत, आणि त्यांनाही हा कार्निव्हल वरून कुणीतरी सांगितलेला असणार.

"व्हेरी नाइस. पण बेटा, यात ऑटम कुठं आहे? पानं कुठं आहेत?"

मुलीनं डोक्यावरच्या शेळीला हात लावून बघितला. तिला इंग्रजी सुचेना, म्हणून तिनं माइकमध्ये मराठीतच सांगितलं.

"शेळीनं खाल्ली."

आधी मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग सगळा मांडव. मागच्या वर्षीच्या डाळिंबाचं हसू मला पाठ होतं, म्हणून मी आधी खुर्ची घट्ट धरली. पण हे हसू वेगळं होतं. मुलीला ते आवडलं. तिनं मान हलवून शेळीलाही हलवलं. मिसही हसल्या आणि म्हणाल्या, "सगळी?"

"एक राहिलंय. ते पण खातीये."

मी आबांकडं बघितलं. ते हसत नव्हते. त्यांनी आपली पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि रुमालानं डोकं पुसत होते. अकरा वर्षांत मी त्यांचं उघडं डोकं पहिल्यांदा बघत होते.

पहिलं बक्षीस दिव्यांच्या टोपीला मिळालं. वडील बॅटरीसकट स्टेजवर गेले. माझ्या मुलीला 'पर्यावरणपूरक टोपी' म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं, तेही जाड प्लास्टिकमध्ये बंद केलेलं.

बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो. मी पैसे काढायला पिशवी उघडली आणि कागद फाटून मखमली टोपीचं टोक बाहेर आलं. मुलीनं ती ओढून काढली.

"ही कुणाची?"

"ऑफिसातल्या एका मॅडमची आहे," मी म्हणाले. "त्यांच्या मुलीसाठी."

"सगळ्यांसारखीच आहे," असं म्हणून तिनं ती परत पिशवीत कोंबली.

आबांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. "चांगली हाय की ती बी," ते म्हणाले. "तुमाला घाई झाली आसंल." एवढं बोलून ते मुलीला सांगायला लागले, की त्यांच्या लहानपणी एका शेळीनं गुरुजींचं हजेरीचं पुस्तक खाल्लं होतं आणि त्या वर्षी सगळा गाव पास झाला होता. हे खरं होतं की तिथंच बसून रचलेलं होतं, मला अजून माहीत नाही. पण त्यांना इतकं लांबलचक बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. रस संपला, बर्फ संपला, तरी आम्ही बसून राहिलो.

मखमली टोपी सोमवारी मी ऑफिसातल्या शिपाईबाईंच्या नातीला देऊन टाकली. नात ती घालून दिवाळीची चकली खात असलेला फोटो नंतर आला. घोंगडीचा कापलेला कोपरा उसवू नये म्हणून अक्कांनी मशीनवर टॉवेलची पट्टी लावून दिली. घोंगडी आता फुलाफुलांच्या काठाची झाली आहे आणि वास तसाच आहे.

पण त्याआधीचा रविवार राहिला. कडब्याची दोन ताटं शिल्लक होती. दुपारी आबा आणि मुलगी त्यांची बैलगाडी करायला बसले. मी बाजूला बसून भाजी निवडत होते. थोड्या वेळानं भाजी ठेवून म्हणाले, "मला एक चाक द्या करायला." आबांनी चाकू दिला, भेंड कसं धरायचं ते दाखवलं. मी कापलं. ते चाक म्हणजे वडापावातला पाव होता. गाडीला लावलं तर गाडी चालण्याऐवजी उड्या मारत गेली. मुलीनं ते काढून टाकलं आणि आपलं लावलं, वर मला विचारलंही नाही.

आबांनी माझं चाक उचललं, उन्हात धरून बघितलं आणि माझ्या हातात परत दिलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू हापिसात हुशार हाय."